मेणातले तीळ

सन दोन हजार अठरा, माझं वय सत्तर. त्या वयात कोणी मला "भाऊ, तुमचं ऐकलं, आता पाहू द्या" असं म्हणावं, हे माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं. पण बाईनं पहिल्याच भेटीत तेच म्हटलं.

आमच्या विहिरीच्या काठावर ती उभी होती. मी सांगितलं, "या विहिरीले मे महिन्यातही पुरुषभर पाणी राहते." तिनं चष्मा कपाळावर सरकवला, पिशवीतून सुतळी काढली, तिला दगड बांधून विहिरीत सोडला. मग वर ओढली आणि भिजलेली सुतळी स्वतःच्या अंगाला लावून पाहिली.

"कमरेच्या वर आहे. पुरुषभर नाही," ती म्हणाली.

"तुमच्या कमरेच्या का माझ्या?"

"हे मी आधी विचारायला पाहिजे होतं."

मी गंमत केली होती. तिनं सुतळी माझ्याही अंगाला लावून पाहिली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भाजीवाल्याचं पारडं उलटं करून खाली काही चिकटवलं आहे का ते बघणारी, कंडक्टरनं मागं जागा आहे म्हटलं तरी आधी वाकून बघणारी. अशी माणसं बहुतेक भांडखोर निघतात. ही नव्हती. पण हे समजायला मला वेळ लागला. माझी शाळा चौथीपर्यंत. माणूस मला समजते, पण माझ्या चालीनं समजते.

बाई मूळची आमच्या तालुक्याच्या गावची, सौंसरचीच. बुद्धविहाराच्या मागं तिच्या बापाचं घर, बाप नगरपालिकेत कामाला. नागपूरला शिकली, पुढं कुठल्या कुठं गेली. तिचं काम काय होतं ते आमच्याकडे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. तिनं मला सांगितलं ते असं. जगात जिथं जिथं अणूचं सामान ठेवलेलं असतं, तिथं जायचं. त्या देशानं लिहून दिलं तेवढंच तिथं आहे का, आणि तिथंच आहे का, ते पाहायचं. सगळ्या देशांनी मिळून नेमलेली तपासणी. त्यात ती मोठ्या हुद्द्यापर्यंत चढली, मग निवृत्त झाली आणि सौंसरला परत येऊन मोहगावच्या रस्त्याला, आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून तुकडा घेतला. बोर मारलं, पावसाळ्यात संत्र्याची कलमं लावली.

लोक तिला पाठीमागं बॉम्बची पोलीस म्हणत. एक दिवस बसस्टँडवरच्या चहावाल्यानं तोंडावर विचारलं, "बाई, तुमी बॉम्ब पकडत होत्या म्हणते."

"नाही हो. डबे मोजत होते."

"डबे?"

"हाव, डबे. कोणी सांगितलं, या खोलीत इतके डबे आहेत, डब्यात इतका माल आहे. मी जायची. डबे मोजायची, वजन करायची, यंत्र लावून आतला माल तोच आहे का ते पाहायची. जुळलं की सही करायची."

"अन् नाही जुळलं तं?"

"तर पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा मोजणाराच चुकलेला असते."

चहावाल्याचं समाधान झालं नाही. त्याला वाटत होतं बंदूक वगैरे असेल.

मी तिला विचारलं होतं, एवढी वर्षं त्या कामात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला. ती म्हणाली, "चावीची वाट पाहण्यात. अंगावर त्यांचे कपडे चढवायचे, पायात त्यांचे बूट घालायचे, छातीला किरणं मोजायची पट्टी लावायची आणि दारासमोर उभं राहायचं. कोणताही देश घ्या भाऊ, चावीवाला जेवायला गेलेला असते." तेव्हापासून आमच्या घरात काही वेळेवर मिळालं नाही की माझी बायको, आमची म्हातारी म्हणते, चावीवाला जेवायला गेला.

आणखी एक सांगतो. ती म्हणाली, तिकडं भिंतीवरून, टेबलावरून कापसाच्या कापडाचा चौकोनी तुकडा फिरवतात आणि पिशवीत बंद करून नेतात. डोळ्याला दिसत नाही अशी धूळ त्यात येते, आणि त्या खोलीत मागं काय काय काम झालं ते ती धूळ सांगते. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे आमचा कापूस एवढ्या कामाले लागते."

"कापूस कुठला होता ते मला माहीत नाही."

"आमच्याकडचाच असन."

"असेल. पण मला माहीत नाही ते मी म्हणत नाही."

एवढं म्हटलं असतं तर तिचं काय गेलं असतं? पण नाही.

आता विहिरीचं सांगतो, कारण बाई मला समजली ती विहिरीवर.

माझा धाकटा भाऊ आणि मी, वाटणी झाली तेव्हा संत्र्याच्या बगीच्याचे दोन भाग झाले. विहीर मात्र एकच राहिली, मोटर एक, मोटर चालू करायची लोखंडी पेटी एक. पेटीच्या चाव्या दोन, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. घरं एका भिंतीची. वाटणीच्या दिवशी तो चार लोकांत म्हणाला, दादानं चांगली जमीन आपल्याकडे ओढली. त्या दिवसापासून मी त्याच्या पायरीवर पाय ठेवला नाही. त्यानं माझ्या ठेवला नाही. लग्नाची पत्रिकाही भिंतीवरून आली आणि भिंतीवरून गेली.

संत्र्याच्या झाडाला हिवाळ्यात ताण देतात. म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल पडू द्यायची, झाडाला वाटू द्यायचं की आता काही खरं नाही. मग संक्रांतीच्या सुमाराला पहिलं पाणी सोडलं की झाड फुलावर येते. त्या वक्ताला विहिरीत पाणी नसलं तर आलेलं फूल गळून जाते आणि वर्ष गेलं. त्या साली पाऊस कमी झाला होता. म्हणून आम्ही दोघांनी, मधे एक माणूस घालून, ठरवलं की संक्रांतीपर्यंत मोटरला हात लावायचा नाही. विहीर भरू द्यायची.

विहीर भरत नव्हती. उतरत होती.

धाकट्यानं वरच्या तुकड्यात गहू पेरला होता. गहू पाणी मागते. मला दुसरं काय वाटणार? मी धुऱ्यावरून आवाज दिला, "लाज वाटू दे, चोरून पाणी ओढून राहिला."

तो तिकडून म्हणाला, "मी? अन् तुमच्या घरामागचा सांभार काय दवावर हिरवा आहे?"

सांभार म्हणजे कोथिंबीर. मी म्हटलं, "तो म्हातारीच्या धुण्याच्या पाण्यावर आहे."

"तं माझा गहू माझ्या बायकोच्या धुण्याच्या पाण्यावर आहे."

असं रोज चालायचं. मी आजही म्हणत नाही की मी चुकलो. त्या वक्ताला जे दिसत होतं ते तसंच दिसत होतं.

मी बाईकडे गेलो. म्हटलं, "बाई, तुमी मोठ्या जागी काम केलं. तुमचा शब्द कोणी खाली पडू देणार नाही. चार लोकांत एवढंच सांगा का मी पाणी ओढत नाही."

ती कलमांच्या आळ्यातलं गवत काढत होती. हात पुसले आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही ओढत नाही हे मला माहीत नाही."

"मी सांगून राहिलो ना."

"तुमचं ऐकलं. पण मी पाहिलेलं नाही."

मी तसाच परत फिरलो. सत्तर वर्षं या शिवारात काढली, माझ्या शब्दावर व्यापारी अख्ख्या बगीच्याचं फळ घेऊन जातात, आणि काल आलेली बाई म्हणते माहीत नाही. मी तिच्याशी बोलणं सोडलं. ती रस्त्यानं दिसली की मी झाडाकडे पाहायचो.

मग म्हातारीनं बातमी आणली. धाकटाही तिच्याकडे जाऊन आला होता, तेच मागायला. त्यालाही तेच उत्तर मिळालं होतं, शब्दाला शब्द. तो तर सोबत पपई घेऊन गेला होता. पपई तिनं परत दिली.

हे ऐकून माझा राग निम्मा उतरला. दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि म्हटलं, "पपई काहून परत केली?"

तिनं मला बसायला पिढा दिला आणि एक गोष्ट सांगितली. देशाचं नाव सांगितलं नाही, तिनं कधीच कोणत्या देशाचं नाव सांगितलं नाही. एके ठिकाणी तिला जागा दाखवायला एक माणूस नेमलेला होता. साधा, पोरीबाळींचा बाप. दुपारी जेवणानंतर संत्रं सोलून तिच्या पुढ्यात ठेवायचा, कारण तिनं एकदा सांगितलं होतं की आमच्या गावाला संत्री होतात. सालोसाल असं चाललं. एका साली डबे जुळले नाहीत. तिनं पुन्हा मोजले, दुसऱ्या तपासणीवाल्यानं मोजले, तरी जुळले नाहीत. त्या दुपारीही त्या माणसानं संत्रं सोललं. तिनं ते खाल्लं आणि जे दिसलं ते लिहिलं. पुढच्या साली ती गेली तेव्हा जागा दाखवायला दुसराच होता.

"त्याचं काय झालं?"

"माहीत नाही. विचारायची सोय नव्हती." मग म्हणाली, "डबे त्यानं हलवले नसतील. त्याच्या हातात तेवढी सत्ता नव्हती. पण मी ते संत्रं खायला नको होतं, भाऊ. लिहिताना हात जड झाला. तेव्हापासून खायचं तर सगळ्यांकडचं, नाही तर कोणाचंच नाही."

म्हणून ती आमच्याकडे चहा घ्यायची ती दोन्ही घरी घ्यायची, नाही तर आपल्या थर्मासमधला प्यायची. आम्ही तिला चहाची लालची समजत होतो.

"मी कोण चोर ते सांगत नाही," ती म्हणाली. "ते माझं काम कधीच नव्हतं. दोघांनी सांगितलं मोटर बंद आहे. बंद आहे का, एवढं मी पाहू शकते. पण दोघंही दार उघडून म्हणाल तर. एकानं म्हणून होत नाही."

मी म्हटलं, "मी हो म्हणतो. तो म्हणते का ते पाहा." मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटलं असेल, म्हणून तोही हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघांना पेटीजवळ उभं केलं. वाटणीनंतर आम्ही इतक्या जवळ पहिल्यांदाच उभे होतो. तिनं पेटीच्या कडीतून तांब्याची तार ओवली, तिला पीळ दिला, पिळाची टोकं सोड्याच्या बाटलीच्या झाकणात बसवली आणि वरून दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्तीचं मेण ओतलं. मेण ओलं असताना चिमूटभर तीळ आणि मोहरी त्यावर टाकली. दाणे जिथं पडले तिथं रुतले. मग तिनं जवळून फोटो काढला. धाकट्याच्या मोबाईलवर पाठवला. माझा मोबाईल बटणाचा, तर सौंसरच्या फोटोवाल्याकडून मोठा छापून माझ्या हातात दिला.

"हे कुलूप नाही," ती म्हणाली. "कुलूप अडवते. हे कोणाला अडवत नाही. आताही तुम्ही ओढून तोडू शकता. पण तोडलं की नवीन मेण ओतावं लागेल, आणि तीळ-मोहरी पुन्हा अशीच्या अशी पाडून दाखवा."

धाकटा झाकणाकडे वाकून पाहत राहिला. मी म्हटलं, "पेटी न उघडता वायर डायरेक्ट जोडली तं?"

ती माझ्याकडे वळली. "हाच प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारतो," ती म्हणाली, आणि जिथं वायर मोटरला जाते त्या जोडावर दुसरं सील लावलं. त्या दिवशी मी घरी ताठ चालत आलो. धाकट्याला तो प्रश्न सुचला नव्हता.

मग तिनं विहिरीच्या आतल्या दगडावर, पाण्याच्या बरोबरीनं, चुन्याची रेघ ओढायला लावली. रोज सकाळी आम्ही तिघं जायचो. एकट्यानं जायचं नाही हा तिचा नियम. ती म्हणायची, "एकट्यानं पाहिलं म्हणजे कोणीच पाहिलं नाही." तिकडंही तपासणीवाले जोडीनंच जात.

सील तसंच होतं. तीळ तसेच होते. पाणी रेघेच्या खाली गेलं.

धाकटा म्हणाला, "असं कसं?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहत होतोच.

पुन्हा काही दिवस गेले. पाणी आणखी खाली. तिनं दोन्ही सीलं फोटोशी दाणा दाणा ताडून पाहिली. मग पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी गेली आणि आम्हाला बोलावलं. पाइपाच्या तोंडात कोळ्यानं जाळं विणलं होतं, अख्खं, मधोमध कोळी बसलेला. "हे मी लावलेलं नाही," ती म्हणाली, "पण याच्यापेक्षा चांगलं सील मला लावता आलं नसतं. या पाइपातून पाणी गेलेलं नाही."

आता मोटर चालली नाही हे ठरलं. पण पाणी तर गेलं. मग काय झालं असेल सांगा? आम्ही दोघं भाऊ एक झालो. तिच्यावर.

"बाई, तुमचं हे मेणाचं सोंग काही कामाचं नाही," मी म्हटलं.

"दादा बरोबर म्हणून राहिले," धाकटा म्हणाला. कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून हे शब्द निघाले नव्हते. "परदेशात चालत असन हे. आमच्या विहिरीले काय समजते तुमचा तीळ?"

दुसरी कोणी असती तर रागावली असती. ती म्हणाली, "बरोबर आहे. जुळत नाही तर आधी मोजणाऱ्यावर शंका घ्यायची. बसू द्या मला." आणि विहिरीच्या काठावर बसली. आम्हीही बसलो, कारण एकट्यानं पाहायचं नव्हतं.

ऊन वर आलं. विहिरीत एका कपारीतून झरा आहे, पाणी उतरलं की त्याची धार खाली पडताना ऐकू येते. ती ऐकत होती. मग तिच्या बगीच्याकडून बोरच्या मोटरचा हुंकार सुरू झाला. ते बोर घड्याळावर लावलेलं होतं, आपोआप चालू व्हायचं, नळीनं थेंब थेंब कलमांना पाणी जायचं. तो आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला होता की कोणी मान वर केली नाही. पण तिनं केली. थोड्या वेळानं झऱ्याचा आवाज बारीक झाला, मग बंद पडला.

ती उठली. धुरा ओलांडून गेली, बोर बंद करून आली आणि पुन्हा बसली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बराच वेळ गेला. झरा पुन्हा पडायला लागला. ती पुन्हा गेली, बोर चालू करून आली. झरा थांबला. आणखी एकदा तसंच केलं. तिच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा मोजणी करतानाचाच होता.

मग आमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, चोर सापडला."

आजवर तो शब्द तिनं कोणासाठी वापरला नव्हता. ना त्या डब्यांच्या माणसासाठी, ना आम्हा दोघांसाठी. पहिल्यांदा वापरला तो स्वतःसाठी.

धाकटा गडबडून म्हणाला, "अवो बाई, तुमाले काय माहीत होतं? बोरवाल्यानं सांगितलं असन."

"हाव. त्यानं सांगितलं, तुमचं पाणी खालच्या खडकातलं आहे, विहिरीशी संबंध नाही. मी ऐकलं. पाहिलं नाही. मला पाहिजे होतं तेच तो बोलला, म्हणून पाहिलं नाही."

त्याच दिवशी तिनं बोर बंद केलं. मेण वितळवलं, तीळ-मोहरी आणली आणि सगळं माझ्या हातात दिलं. "आपल्या पेटीला आपण सील लावायचं नसते. तुम्ही लावा. आणि रोज येऊन पाहा."

मी लावलं. माझ्या हातानं मेण थोडं जास्त पडलं, दाणे एका बाजूला गेले. ती म्हणाली, चालते, जसं पडलं तसं पडलं. मी आणि धाकटा रोज तिचं सील पाहायला जायचो. एक दिवस तिनं चहा केला. मी म्हटलं, "नाही बाई. तपासणीवर आलो आहो." तेव्हा ती हसली. मी तिला तशी हसताना तेव्हाच पाहिली, तोंडाला पदर लावून, मुलीसारखी.

विहिरीचं पाणी चुन्याच्या रेघेपर्यंत परत आलं नाही, पण उतरायचं थांबलं आणि मग हळूहळू चढलं. संक्रांतीला पहिलं पाणी दोन्ही बगीच्यांना पुरलं. फूल टिकलं.

पण तिची कलमं. ताण फळाच्या झाडाला देतात, लहान कलमाला देत नाहीत, ते मरते. बोर बंद करून ती बादलीनं लांबून पाणी आणायची, साठी ओलांडलेली बाई. पानं वळायला लागली तरी तिनं आमच्याकडे पाणी मागितलं नाही. मी मनात ठरवलं होतं की म्हणावं, पण योग्य वेळ पाहत होतो. तेवढ्यात धाकटाच सगळ्यांसमोर बोलून गेला, "विहिरीवर आता तीन पाळ्या. एक बाईची. गुरुवार." चांगलंच केलं त्यानं, पण मला विचारलं नाही. मोठा मी आहो.

मग सालोसाल असंच चाललं. ताण सुरू झाला की पेटीला मेणाचं सील. गुरुवारी तिघं जमायचो, सील तोडायचो, कलमांपुरतं पाणी सोडायचो, नवं सील लावायचो. आजूबाजूचे लोक हसायचे. मग लोधीखेड्याच्या बाजूचे दोघे सामाईक विहीरवाले हे सील कसं लावतात ते पाहून गेले. जाताना धाकट्याला विचारून गेले, मोहरी कोणती, बारीक का मोठी.

धाकट्याशी माझं बोलणं विहिरीपुरतं सुरू झालं. विहिरीपुरतंच. घराची पायरी तशीच होती. एका गुरुवारी बाईनं विचारलं, "मी तुमच्या दोघांच्या घरी चहा घेते. तुम्ही एकमेकांच्या का नाही घेत?"

"ते तुमचं काम आहे. आमचं नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. न जुळलेलं तिनं मनात कुठंतरी नोंदवून ठेवलं असेल.

दोन वर्षांमागं तिची झाडं पाच वर्षांची झाली. हिवाळा लागला तेव्हा तिची तब्येत उतरलेली होती. नागपूरच्या डॉक्टरनं काय सांगितलं ते तिनं आम्हाला सांगितलं, ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं करून. "डॉक्टर म्हणते मी उन्हाळा काढीन. रिपोर्ट पाहून मला तसं वाटत नाही."

सील लावायच्या दिवशी ती खुर्चीवर बसून होती. मेण धाकट्यानं ओतलं, दाणे मी टाकले. ती म्हणाली, "यंदा माझ्याही झाडांना ताण. आता ती मोठी झाली. गुरुवारची पाळी बंद. संक्रांतीपर्यंत कोणी उघडू नका."

"झाडं नवी आहेत बाई," धाकटा म्हणाला. "पहिला ताण जड जाते."

"जाऊ द्या जड. फूल पाहायचं आहे."

संक्रांतीला अजून वेळ होता तेव्हा ती गेली. नागपूरच्या दवाखान्यात. तिच्या भाच्यानं तिला सौंसरला आणलं. वंदना झाली, आम्ही पांढऱ्या कपड्यातल्या लोकांच्या मागं उभे होतो, मी एका टोकाला, धाकटा दुसऱ्या. चहावाला त्या दिवशी दुकान बंद ठेवून आला होता. तो मला म्हणाला, "मले शेवटपर्यंत नाही समजलं, ते डबे कायचे होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि यंदाच्या सीलचा छापलेला फोटो घेऊन बाहेर आलो. विहिरीवर एकट्यानं जायचं नव्हतं. तीन पाहणारे होते, आता दोन राहिले. धाकटा विहिरीवर येईल याची वाट पाहत उभं राहिलं असतं तर चाललं असतं, तो येतच होता. पण मी त्याच्या पायरीवर चढलो आणि कडी वाजवली. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मला पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि आत वळून म्हणाली, "अवो, भाऊजी आले."

आम्ही विहिरीवर गेलो. बाईच्या झाडांची पानं मलूल पडली होती, कडेनं वळलेली. धाकट्यानं ती पाहिली आणि म्हणाला, "दादा, दोन-दोन बादल्या टाकू काय? आता कोण पाहणार आहे?"

"ताण आहे," मी म्हटलं. "तिनंच लावला आहे. दाखव तुझा मोबाईल."

मी पेटीवर वाकलो. त्यानं मोबाईल धरला, मी कागद धरला. दाणा दाणा ताडून पाहिला. कडेचा एक तीळ मेणात उभा रुतला होता. फोटोतही तो उभाच होता.

"जुळते," मी म्हटलं.

"मले पाहू द्या," धाकटा म्हणाला. त्यानं पाहिलं. "जुळते."

मग आधी त्याच्या घरी चहा घेतला, आणि तिथून उठून माझ्या घरी.